रोरोनं एअरपोर्ट, कडेवर पोर

माझं सासर बोरिवली, माहेर वसई गाव आणि नवरा सध्या नोकरीसाठी बंगळूरला. त्यामुळे आमच्या अडीच वर्षांच्या चिरंजिवांचा विमानप्रवास बहुतेक वेळा आजोळहून सुरू होतो. गाडी बाबा चालवतात. २० फेब्रुवारी २०२४ला वसई किल्ल्याच्या जेट्टीवरून भाईंदरला गाड्या नेणारी रोरो सुरू झाली, तेव्हापासून निघायच्या आदल्या रात्री घरात एकच वाद रंगतो: पाण्यानं की हायवेनं? त्या वादांतून जे हाती लागलं ते इथे. एकटा माणूस बॅग घेऊन निघाला असेल तर त्यानं यातलं निम्मं सोडून दिलं तरी बिघडत नाही. पोर बरोबर असेल तर मात्र सोडू नये.

१. वेळ वाचेल म्हणून रोरो धरू नका.

कागदावर हिशोब भुरळ पाडणारा आहे. रस्त्यानं वसई ते भाईंदर सुमारे ३८ किलोमीटर, पाण्यातून साडेतीन, आणि बोटीत पंधरा मिनिटं. पण त्यात जेट्टीवरची रांग धरा, गाड्या चढायला-उतरायला लागणारा वेळ धरा, मग भाईंदर पश्चिमेची बाजारपेठ आणि रेल्वे ओलांडून पूर्वेला येणं धरा. काशीमिऱ्याला हायवे लागला की पुढे सगळ्यांचं नशीब सारखंच. दहिसर नाका, बोरिवली, कांदिवली, मालाड, गोरेगाव, कुणाला चुकलेत? ऑक्टोबर २०२४पासून दहिसरला छोट्या गाड्यांचा टोल माफ झाला, तरी नाक्यावर वेग मंदावायचा तो मंदावतोच.

मग रोरो टाळते काय? वसई फाटा ते वर्सोवा पूल हा एवढाच तुकडा. (हा वर्सोवा अंधेरीचा नव्हे, घोडबंदरजवळचा.) पण सगळी गोम त्या तुकड्यात आहे. एक ट्रेलर आडवा झाला की तिथे तास कुठे गेला कळत नाही. मोठी माणसं मोबाइलमध्ये डोकं घालून बसतात. मूल काय करणार? उतरायला जागा नाही, शू आली तर आडोसा नाही, दोन्ही बाजूंना कंटेनर. रोरोत निदान प्रवासाचे दोन तुकडे होतात आणि मध्ये पाय मोकळे करायला मिळतात. आमचा सौदा वेळेचा नाहीच, मुलाच्या सहनशक्तीचा आहे.

२. हिशोब उलटा मांडा.

समजा, विमान दुपारी तीनचं. देशांतर्गत उड्डाणाला बहुतेक कंपन्यांचे काउंटर एक तास आधी बंद होतात, म्हणजे दोनला. मुलाला घेऊन एकला पोचायचं. भाईंदर जेट्टी ते मुंबई विमानतळाचं टर्मिनल टू, म्हणजे टी-टू, मी सरळ दोन तास धरते. लोक हसतात, हसू देत. म्हणजे अकराला भाईंदरला उतरायचं, साडेदहाच्या सुमाराची फेरी पकडायची, दहाला रांगेत हजर. निघताना चप्पल सापडत नाही, डायपर तेव्हाच बदलावा लागतो, आजीचा पापा घेणं तीनदा होतं. तो अर्धा तास घरातला, त्याला प्रवासाच्या वेळेत घुसू द्यायचं नाही.

३. माघारी फिरायची वेळ आदल्या रात्री ठरवा, आणि ठरवणारा माणूस गाडीत बसणारा नको.

हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. रांगेत उभं राहिलं की माणूस जुगाऱ्यासारखा होतो: ‘एवढं थांबलोय, आता येईलच बोट.’ बोटीत साधारण तेहतीस गाड्या मावतात. सुट्टीच्या दिवशी पुढे किती उभ्या आहेत ते उतरून मोजावं. आमच्याकडे शेवटचा शब्द आईचा. ती घरी असते, म्हणून तिचं डोकं ठिकाणावर असतं. ठरल्या वेळेला तिचा फोन येतो, ‘चढलात का?’ नाही म्हटलं की बाबांनी गाडी वळवायची आणि हायवेला लागायचं, चर्चा नाही. अर्थात त्या क्षणीही रस्त्यानं विमान मिळेल इतकी फट वरच्या हिशोबात असायला हवी. ती नसेल तर मुळात रोरोच्या वाटेला जाऊ नये.

४. भिंतीवरचं कॅलेंडर बघा.

खाडी आहे, ती भरती-ओहोटीप्रमाणे चालणार. आमच्या बाजूची जुनी माणसं तिथीला पाऊणनं गुणतात की झाली भरतीची वेळ. चतुर्थीला तीनच्या आसपास, अष्टमीला सहाच्या आसपास, अमावस्या-पुनवेला बाराच्या. मिनिटाचा हिशोब नव्हे, पण अंदाज पक्का येतो. त्यापासून सहा तासांनी ओहोटी. पाणी फार उतरलं की उतार तीव्र होतो आणि डिकीत सामान ठासलेली गाडी खाली घासते की काय अशी धाकधूक लागते. म्हणून आमची निवड भरतीच्या आगेमागे. फेऱ्यांच्या वेळा बदलत असतात, त्या आदल्या संध्याकाळी जेट्टीवर विचारलेल्या बऱ्या. बाबा फिरायला म्हणून किल्ल्यापर्यंत जातात आणि विचारून येतात. पावसाळ्यात मी रोरोचा विचार करत नाही. खाडीला वारा सुटला की बोट सुटेल की नाही हे बोटवाल्यालाही सांगता येत नाही.

५. रॅम्पची ओळख आधी करून द्या.

आमच्या मुलाला बोटीची भीती वाटली नाही, पाण्याची वाटली नाही. वाटली ती आवाजाची. लोखंडी रॅम्प काँक्रीटवर टेकताना जो खणखणाट होतो, त्यानं तो माझ्या गळ्यालाच चिकटला. मग एका निवांत रविवारी आजोबांनी त्याला नुसतंच जेट्टीवर नेलं. रांगेतल्या बाइकवाल्यांच्या मागे उभं राहून दोघांनी बोट येताना पाहिली. साखळी सैल होते, रॅम्प हळूहळू झुकतो, खलाशी हात वर करून थांबवतो, आणि धाडकन. आजोबा आधीच म्हणायचे, ‘आता दार पडणार हं… धुम्म!’ आता तो खलाशाच्या आधी हात वर करतो आणि स्वतःच ‘धुम्म’ म्हणतो. विमानतळाच्या दिवशी ही शिकवणी काढायला वेळ नसतो.

६. बोटीवर गाडी लागली की पट्टा सोडा.

रस्त्यावर मुलाची सीट आणि पट्टा हवाच. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा सीट नसेल तर कायद्यानं हजार रुपये दंड आहे, आणि दंड नसता तरी. पण पाण्यावर मूल गाडीत बांधून ठेवणं मला पटत नाही. हँडब्रेक ओढलेला, गाडी गिअरमध्ये, आणि मूल बाहेर माझ्या हातात. कडेवर घेतलेलं बरं, कारण गाड्यांमधल्या फटी अरुंद असतात आणि सायलेन्सर तापलेले. कठड्यापाशी खाली सोडायचं नाही, मग तो कितीही आकांडतांडव करो. रेल्वेच्या पुलावरून लोकल जाताना दिसली की आकांडतांडव आपोआप थांबतं.

७. खाऊ कोरडा.

पेज, वरणभात घरून निघण्याआधी. बरोबर सुकेळी. आमच्या वसईची सुकेळी चुरगळत नाहीत, सांडत नाहीत, लहान तुकडे करून दिले की बराच वेळ चघळण्यात जातो. हात चिकट होतात तेवढं पुसायचं. दूध बोटीत नको, रॅम्प उतरताना धक्का बसला की सगळं सीटवर. सिक्युरिटीत मुलापुरतं दूध, पाणी, खाणं नेऊ देतात, फक्त ते वेगळं काढून दाखवायचं.

८. झोप भाईंदरनंतर.

बोटीवर वारा, लोकल, बगळे हे सगळं झाल्यावर तो मीरा रोड यायच्या आत पेंगतो आणि थेट टी-टूच्या उड्डाणपुलावर जागा होतो. जेट्टीच्या रांगेत झोपला तर मात्र वाट लागते. रॅम्पच्या आवाजानं दचकून उठणार आणि पुढचा सगळा हायवे रडत. म्हणून रांगेत त्याला जागं ठेवायचं काम घेतलेला एक माणूस लागतो. तो चालक असू शकत नाही.

९. किरकोळ, पण अडवणारं: तिकिटावर टी-वन आहे की टी-टू ते हायवेला लागण्याआधी पुन्हा वाचा. दोन वर्षांखालचं मूल मांडीवर, त्याच्या वयाचा पुरावा जवळ. दोन पूर्ण झाली की वेगळी सीट. रोरोत मात्र सेवा सुरू झाली तेव्हाच्या दरपत्रकात तीन वर्षांखालच्यांना तिकीट नव्हतं, गाडीला चालकासकट १८० रुपये होते.

१०. मढच्या लोकांनी अंधेरीच्या वर्सोव्याला जाणाऱ्या बोटीकडे आशेनं पाहू नये, तिथे माणसं आणि दुचाकी जातात, गाडी नाही. अलिबागकरांना मांडव्याची रोरो आहे. भाऊच्या धक्क्याला उतरून ईस्टर्न फ्री वेनं चेंबूर, तिथून सांताक्रूझ. ते गणित वेगळं आहे, समुद्र मोकळा आहे आणि मुलाला मळमळू शकतं. तिथे वरणभातही आधी दीड तास.

११. चालकाच्या परतीचा विचार कुणी करत नाही.

आम्हाला सोडून बाबा सत्तराव्या वर्षी एकटे मागे फिरतात. संध्याकाळची भाईंदरची रांग पकडण्यासाठी ते हायवेवर घाई करायचे, आणि विमानात बसून मीच काळजीत. आता नियम असा की टी-टूहून निघून ते सरळ आमच्या बोरिवलीच्या घरी जातात, सासऱ्यांबरोबर चहा, जमलं तर जेवण, आणि रात्री रस्ता मोकळा झाला की घोडबंदरमार्गे वसई. रोरो मिळाली तर ठीक, नाही तर नाही. उतरताना आमचंही तेच. येतानाच्या विमानाला उशीर किती होईल सांगता येत नाही, त्यामुळे येताना रोरो धरायचीच नाही, बोरिवलीत उतरून मुक्काम करायचा आणि वसई दुसऱ्या दिवशी.