घरात काय आहे?



रविवारची मिस्सा संपली की आपण चर्चच्या आवारात थोडा वेळ थांबतो, एकमेकांची विचारपूस करतो. बोलता बोलता विषय निघतो, अमक्याने मोठा फ्लॅट घेतला, तमक्याचा मुलगा परदेशी गेला. सकाळपर्यंत पुरेसे वाटणारे आपले घर परतताना एकाएकी लहान वाटू लागते. खरे तर घरातले काहीच कमी झालेले नसते. आपण फक्त दुसऱ्याच्या घराकडे पाहिलेले असते.

मिरा-भाईंदरची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत सुमारे ५ लाख २० हजार होती. २०११ मध्ये ती ८ लाखांच्या वर गेली. शेजारी वाढले तशी तुलनाही वाढली, आणि तुलनेच्या मागोमाग कर्जाचे हप्तेही आले. अशा वेळी समाधान कोठून आणायचे?

विधवेचे तेल

राजांच्या दुसऱ्या ग्रंथात (अध्याय ४, ओव्या १ ते ७) एका कर्जबाजारी विधवेची कथा आहे. सावकार तिच्या दोन मुलांना गुलाम म्हणून न्यायला आला होता. ती अलिशा संदेष्ट्याकडे धावली. अलिशाने तिला विचारले, की तुझ्या घरात काय आहे? तिच्याकडे थोडे तेल होते, बाकी काही नव्हते. त्याने तिला शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आणायला आणि दार लावून त्यांत तेल ओतायला सांगितले. भांडी संपेपर्यंत तेल संपले नाही. ते विकून कर्ज फिटले आणि उरलेल्यावर मायलेकांचे भागले.

देवाने तिला नवे काही आणून दिले नाही. जे घरात होते त्यातूनच सुरुवात केली. शेजाऱ्यांनीही पैसे दिले नाहीत, रिकामी भांडी दिली. "माझ्याकडे द्यायला काय आहे?" असे म्हणणाऱ्याच्या घरातही एखादे रिकामे भांडे असतेच.

उत्तनचे बोंबील

हाच धडा उत्तन, पाली, चौकच्या किनाऱ्यावर आपल्याला रोज दिसतो. बोंबील नाजूक मासा आहे. त्याच्या अंगात बहुतेक पाणीच असते, त्यामुळे तो लवकर खराब होतो. पण आपल्या कोळी बांधवांच्या पूर्वजांनी त्याला नावे ठेवली नाहीत. त्यांनी हाताशी काय आहे ते पाहिले. ऊन होते, समुद्राचा वारा होता, बांबू होते. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी बांबूच्या वलांडीवर टाकायची. ना चिमटा लागतो ना सुतळी. जो मासा दिवसभरही टिकत नव्हता तो सुकून पावसाळ्यात, होड्या किनाऱ्याला असताना, घरोघरी कालवणाला येतो.

समाधान म्हणजे गप्प बसणे नव्हे

इथे एक सावधगिरी हवी. कधी ऐन सुकवणीत अवकाळी पाऊस येतो आणि वलांडीवरची सगळी मेहनत कुजून जाते. अशा वेळी त्या कोळणीला "आहे त्यात समाधान मान" असे सांगणे हा उपदेश नव्हे, तो निष्ठुरपणा आहे. तिने नुकसानभरपाई मागितली तर ती लोभी ठरत नाही. अलिशाकडे आलेली विधवाही गप्प बसली नव्हती. तिने आधी आक्रोश केला, मगच तेलाची गोष्ट निघाली.

संत पौलाने फिलिप्पैकरांना पत्र लिहिले ते तुरुंगातून. टंचाईत आणि भरभराटीत समाधानी कसे राहायचे हे आपण शिकलो आहोत, असे तो सांगतो (४:११-१२). म्हणजे समाधान त्यालाही जन्मतः मिळाले नव्हते, शिकावे लागले. आणि त्याच पत्रात फिलिप्पैकरांनी पाठवलेल्या मदतीबद्दल तो त्यांचे आभारही मानतो. समाधानी माणसाला मदत घ्यायला लाज वाटत नाही.

तेव्हा समाधान म्हणजे हातावर हात ठेवून बसणे नव्हे. "काय नाही?" हा प्रश्न बाजूला ठेवून "काय आहे?" हा प्रश्न विचारणे आणि उत्तर मिळाले की कामाला लागणे, हेच समाधान.

या आठवड्यासाठी

१. रात्रीच्या रोजरीनंतर सर्वांनी मिळून विचारा, की आपल्या घरात काय आहे? एखादी शिलाई मशीन, एखादी कला, आजीच्या हाताची चव, रोजचा एक मोकळा तास, सगळे मोजा.

२. पुढची मोठी खरेदी ठरवताना स्वतःला विचारा, की ही आपली गरज आहे की शेजाऱ्याकडे पाहून सुचलेली हौस?

३. आपल्या इमारतीत वा पाड्यात कोणाला आपले "रिकामे भांडे" उपयोगी पडेल? नोकरीवर जाणाऱ्या आईचे मूल तासभर सांभाळणे, दहावीच्या मुलाला गणित शिकवणे, एवढेही पुरे.

आणि ज्याच्या घरी आज खरोखरच काही उरलेले नाही, त्याने संकोच न करता दार ठोठवावे. आपण शेजारी आहोत ते त्यासाठीच.