सिकलसेलची वेदना आणि रुग्णाचा शब्द

अपघात विभागात येणाऱ्या बहुतेक रुग्णांचे दुखणे डोळ्यांना दिसते. मोडलेला हात दिसतो, ताप मोजता येतो. सिकलसेलच्या रुग्णाची वेदना मात्र बाहेरून दिसत नाही. हिमोग्लोबिनमधील आनुवंशिक दोषामुळे प्राणवायू कमी पडताच तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या व ताठर होतात, सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांत, पाठीत, छातीत असह्य कळा सुरू होतात. त्या किती तीव्र आहेत हे सांगणारी रक्ततपासणी नाही. रुग्णाचा शब्द हाच पुरावा.

वऱ्हाडास हा आजार परका नाही. मेळघाटातील आदिवासी समाजांत, तसेच विदर्भाच्या मैदानी भागातील अनुसूचित जाती व इतर मागासवर्गीय कुटुंबांत तो आढळतो. महाराष्ट्राच्या आदिवासी भागांत त्याचा शोध घेण्यात पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांनी आयुष्य वेचले. त्यांना २०१९ साली पद्मश्री मिळाली, त्याच यादीत मेळघाटातील बैरागडचे डॉ. रवींद्र व डॉ. स्मिता कोल्हे यांचीही नावे होती, ही आपल्या जिल्ह्यास अभिमानाची गोष्ट.

आजाराचा अभ्यास असा पुष्कळ झाला. रुग्णालय या रुग्णाशी कसे वागते, याचा अभ्यास फार थोड्यांनी केला. त्यांत अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे वैद्यकीय नीतिशास्त्राचे अभ्यासक डॉ. कार्लटन हेवूड यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. ते स्वतः सिकलसेलचे रुग्ण होते. २०१८ च्या अखेरीस त्यांचे निधन झाले. वेदनाशामक मागणारा रुग्ण नशेसाठी तर मागत नाही ना, हा संशय उपचाराच्या आड कसा येतो, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका अभ्यासात असे आढळले की, तातडीच्या विभागात सिकलसेलच्या रुग्णास इतर रुग्णांहून सुमारे २५ टक्के, तर हातापायाचे लांब हाड मोडलेल्या रुग्णाहून सुमारे ५० टक्के अधिक वेळ थांबावे लागत होते. रुग्णांचे अनुभव सांगणारी एक छोटी चित्रफीत दाखविल्यास डॉक्टर व परिचारिकांचा दृष्टिकोन सुधारतो, हेही त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले.

आपल्याकडे नशेचा संशय क्वचितच येतो. आपल्याकडे म्हणतात, ‘नाटक करते’. शेतात निंदणास न गेलेली सून, परीक्षेच्या तोंडावर अंथरूण धरणारा मुलगा यांना घरीच हे ऐकावे लागते. तेच रुग्णालयातही ऐकावे लागले तर त्यांनी जावे कोठे?

आम्ही प्रशासनातील माणसे. वेदनेविषयी मत देण्याचा आम्हांस अधिकार नाही. परंतु वेदना मोजता आली नाही तरी प्रतीक्षा मोजता येते. रुग्ण आला ती वेळ आणि पहिले वेदनाशामक दिले ती वेळ, यांची वजाबाकी करणे हे कार्यालयाचेच काम आहे. ती करावयास बसलो तेव्हा कळले की, आमच्या नोंदवहीत आगमनाची वेळ होती, बिलाची वेळ होती. पहिल्या औषधाच्या वेळेचा रकानाच नव्हता. इतकी वर्षे आम्ही पैशांचा हिशेब काटेकोर ठेवला आणि ही बाब नजरेतून निसटली, हे विश्वस्त व देणगीदारांपुढे मोकळेपणाने मांडणे आम्हांस उचित वाटते. आता तो रकाना घातला आहे. दर महिन्यास तो तपासला जातो. पहिल्या महिन्यांतील आकडे समाधानकारक नाहीत.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानास प्रारंभ झाला. तपासणी वाढेल तशी वाहकांची संख्याही पुढे येईल. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे. मात्र पती-पत्नी दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भारपणात अपत्य रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणून विवाहापूर्वी तपासणी करावी, आणि तिचा निकाल कुटुंबाबाहेर जाणार नाही याची काळजी आम्ही घेऊ.

रुग्णांच्या आप्तांस विनंती : सिकलसेलचे कार्ड सोबत आणावे व नोंदणी खिडकीवर प्रथम तेच दाखवावे. थंडीत व प्रवासात रुग्णास वरचेवर पाणी द्यावे. कळा सुरू झाल्यावर कोणी थांबावयास सांगितल्यास तडक प्रशासन कक्षात यावे.