वर्गणी, काम आणि सभासद

नांदगाव पेठ काय किंवा शेजारचे गाव काय, जयंतीची वर्गणी चार दिवसांत जमते. तेच पावतीपुस्तक वाचनालयासाठी काढले की हात आखडतात आणि सभेला पाचच सभासद उरतात. असे का होते?

२० जुलै १९२४ रोजी बाबासाहेबांनी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. तिचे काम लोकांना डोळ्यांनी दिसत होते. जानेवारी १९२५ मध्ये सभेने सोलापुरात वसतिगृह काढले. मुलांच्या जेवणाखाण्याचा व कपड्यांचा भार उचलला. विद्यार्थ्यांसाठी ‘सरस्वती विलास’ हे मासिक निघाले. मुंबईत मोफत वाचनालय आणि हॉकी क्लबही सुरू झाला. हॉकी क्लब म्हटल्यावर कोणी हसेल. पण व्यसनाकडे वळणारा तरुण भाषणाने थांबत नाही, त्याला संध्याकाळी जायला जागा लागते.

आपल्याच जिल्ह्यातल्या गाडगेबाबांनी आधी खराटा हाती घेतला, कीर्तन नंतर केले. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. उभारलेले स्वतःजवळ ठेवले नाही, म्हणूनच लोक देत गेले.

तेव्हा मंडळाने वर्षाला एकच काम घ्यावे. पावतीबरोबर सभासदाला जबाबदारीही द्यावी: एकाने पुस्तके नोंदवावीत, दुसऱ्याने दिवेलागणीला कुलूप उघडावे. धर्मादाय कार्यालयाचा हिशेब वर्षाअखेरचा. विहाराच्या फळ्यावरचा जमाखर्च मात्र दरमहा लिहावा. मजुरीतून दहा रुपये देणाऱ्या बाईला ते कुठे गेले हे तिथे वाचता आले पाहिजे.