कलादालन, प्रेक्षक आणि भाषा : जहांगीर कलादालनाच्या निमित्ताने

‘आर्ट गॅलरी’ या संज्ञेसाठी मराठीत तीन शब्द आलटूनपालटून वापरले गेले आहेत : कलामंदिर, कलादालन आणि कलावीथी. रूढ झाला तो दुसरा. परंतु या तीन शब्दांमागे चित्र आणि ते पाहणारा यांच्या संबंधाविषयीच्या तीन भिन्न कल्पना आहेत. मंदिरात मनुष्य हात जोडून, पादत्राणे बाहेर ठेवून जातो. दालन हा फारशीतून आलेला आणि वाड्याच्या रचनेत स्थिरावलेला शब्द. दालनात जावयाचे तर घरधन्याशी काही ओळख असावी लागते. वीथी म्हणजे मात्र रांग, आणि रस्ताही. रस्त्यावरून कोणीही जाऊ शकतो. समकालीन कलेचे दालन स्वतःला सार्वजनिक म्हणवून घेते तेव्हा या तीनपैकी नेमके कोणते नाते त्याला अभिप्रेत असते, असा प्रश्न प्रस्तुत लेखात उपस्थित करावयाचा आहे. तो वरकरणी कलासमीक्षेचा वाटला, तरी मुळात भाषेचा आहे. म्हणूनच भारतीय साहित्यांच्या अभ्यासकांपुढे तो ठेवणे अप्रस्तुत ठरू नये.

आपल्या परंपरेत चित्रदर्शन हे मुके कधी नव्हते. भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’चा पहिला अंक ‘चित्रदर्शन’ या नावानेच ओळखला जातो. रामाचे पूर्वचरित्र एका चित्रवीथीत रंगविले आहे. राम आणि सीता ते पाहतात, आणि लक्ष्मण एकेक प्रसंग दाखवीत पुढे सरकतो. येथे लक्ष्मणाची भूमिका आजच्या परिभाषेत मार्गदर्शकाची आहे. पाहणारी सीता केवळ रसिक नव्हे; चित्रातील शूर्पणखा पाहून ती भयभीत होते, आणि हे चित्र आहे याची आठवण रामाला करून द्यावी लागते. पुढे तिला पुन्हा वनात जाण्याची इच्छा होते, आणि त्याच इच्छेच्या आधाराने तिचा त्याग घडून येतो. चित्र पाहणे, त्याविषयी बोलणे आणि त्यातून जगण्यात काही घडणे, ही साखळी भवभूतीने अखंड ठेविली आहे.

लोकपरंपरेतही हेच दिसते. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर समाजाने चित्रकथीची कला जतन केली. कागदावर रंगविलेल्या चित्रांच्या संचाला तेथे ‘पोथी’ असे म्हणतात, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकाने विशेष ध्यानात घ्यावयास हवी. एका पोथीत एक आख्यान असते. कथेकरी एकेक चित्र पुढे धरतो आणि वाद्यांच्या साथीने कथा सांगतो. शब्दावाचून ते चित्र अपुरे आणि चित्रावाचून ती कथा अपुरी. प्रेक्षक आणि श्रोता ही एकच व्यक्ती असते.

आधुनिक कलादालनाने ही जोडी तोडली. पांढरी भिंत, चित्र, त्याखाली एक लहान चिठ्ठी आणि शांतता, अशी त्याची मांडणी असते. या मांडणीला तिचे तर्कशास्त्र आहे. कथेच्या ओझ्यातून मुक्त झाल्यावरच रंग, रेषा आणि आकार यांना स्वतःचे असे बोलता येते, ही आधुनिक कलेची भूमिका टाकाऊ नाही. प्रश्न एवढाच की, शब्द खरोखरच दालनाबाहेर गेला, की तो फक्त एका भाषेतून दुसऱ्या भाषेत गेला?

या प्रश्नाच्या विचारासाठी मुंबईचे जहांगीर कलादालन हे उत्तम उदाहरण होय. काळा घोडा परिसरातील ही वास्तू १९५२ साली उभी राहिली. सर कावसजी जहांगीर यांनी आपल्या दिवंगत पुत्राच्या स्मरणार्थ तिच्यासाठी देणगी दिली. चित्रकार के. के. हेब्बर आणि शास्त्रज्ञ होमी भाभा यांचा आग्रह त्यामागे होता. तत्पूर्वी मुंबईत प्रदर्शने भरत नव्हती असे नाही. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ पासून कार्यरत होती, आणि १९४७ साली स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या तरुणांनी नव्या चित्रकलेचा झेंडा उभारला होता. पण कोणा एका मंडळाचे नसलेले, भाडे भरून कोणाही चित्रकाराला आठवडाभर आपले काम मांडता यावे आणि कोणाही नागरिकाला ते विनामूल्य पाहता यावे असे कायमचे ठिकाण या वास्तूमुळे मिळाले. ते केवळ विक्रीचे दुकान नव्हे आणि केवळ संग्रहालयही नव्हे. चित्रकारांच्या समाजाने आळीपाळीने वापरावयाची ती एक जागा आहे. या अर्थाने ‘समाजाचे कलादालन’ हे वर्णन तिला लागू पडते.

दालन उघडल्यानंतर दोनच वर्षांनी, १९५४ साली, ‘सार्वजनिक’ या शब्दाची परीक्षा झाली. अकबर पदमसी या तरुण चित्रकाराच्या प्रदर्शनातील प्रेमी युगुलाच्या चित्रांवर पोलिसांनी अश्लीलतेचा आक्षेप घेतला. चित्रे उतरविण्यास त्यांनी नकार दिला, तेव्हा खटला उभा राहिला आणि पदमसी निर्दोष सुटले. या घटनेकडे सामान्यतः कलावंताच्या स्वातंत्र्याचा विजय म्हणून पाहिले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु तिला दुसरी बाजू आहे. चित्र घरात टांगलेले असते तर हा प्रश्न उद्भवलाच नसता. दार सर्वांसाठी उघडे होते म्हणूनच ‘सर्वांनी काय पाहावे’ हा वाद निर्माण झाला, आणि चित्राचा अर्थ काय, याची चर्चा दालनात होण्याऐवजी न्यायालयात करावी लागली. दालनाने आपल्या प्रेक्षकाशी बोलण्याची रीत निर्माण केली नाही, तर ते बोलणे दुसरा कोणीतरी आपल्या हाती घेतो, असा या प्रकरणाचा बोध आहे.

१९८१ सालचे ‘प्लेस फॉर पीपल’ हे प्रदर्शन हा दुसरा टप्पा. मुंबईत जहांगीरमध्ये आणि दिल्लीत रवींद्र भवनात ते भरले. जोगेन चौधरी, भूपेन खख्खर, नलिनी मलानी, सुधीर पटवर्धन, गुलाममोहम्मद शेख आणि विवान सुंदरम हे त्यातील सहा चित्रकार. मनुष्याकृतीला, आणि तिच्यासह कथनाला, चित्रात पुन्हा जागा मिळवून देणे हा त्यांचा हेतू होता. गल्ल्या, दुकाने, गाड्या, श्रमणारी शरीरे भिंतीवर आली. ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम करणाऱ्या पटवर्धनांच्या चित्रांतील माणसे तर उपनगरी गाडीतून उतरून थेट दालनात शिरली असती, इतकी ओळखीची होती. परंतु प्रदर्शनाची वैचारिक बाजू मांडणारा गीता कपूर यांचा महत्त्वपूर्ण निबंध इंग्रजीत होता. म्हणजे माणसांना चित्रात जागा मिळाली. त्या माणसांच्या भाषांना मात्र चित्राभोवतीच्या शब्दांत तितकी जागा मिळाली नाही. हा कोणा व्यक्तीचा दोष नव्हे. एका अखिल भारतीय चर्चेची ती तत्कालीन अपरिहार्यता होती. पण तिची नोंद करणे आवश्यक आहे.

दालनाच्या दाराबाहेर काय होते, तेही पाहावे. समोरच्या पदपथावर चित्रकार आपली चित्रे मांडून बसतात. त्यांच्यापुढे थांबणारा मनुष्य निःसंकोच किंमत विचारतो, चित्र कशाचे आहे असेही विचारतो. आतल्या दालनात हाच प्रश्न विचारावयास तो कचरतो. दोहोंमध्ये अंतर काही पायऱ्यांचेच आहे. येथे वीथी आणि दालन शेजारी-शेजारी उभी आहेत असे म्हणता येईल. साहित्याने यांपैकी कोणाची दखल घेतली? जे. जे. कलाशाळेत शिकलेले आणि मराठी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत लिहिणारे कवी अरुण कोलटकर याच परिसरातील वेसाइड इन या उपाहारगृहात बसत असत. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘काला घोडा पोएम्स’ या संग्रहात या चौकातले रस्त्यावरचे जीवन आले आहे. चित्रकाराची दृष्टी लाभलेल्या कवीने आपले विषय दालनाच्या भिंतींवर नव्हे, तर रस्त्यावर शोधावेत आणि त्याचे ते पुस्तक इंग्रजीत असावे, या दोन्ही गोष्टी आपल्या विषयाच्या दृष्टीने बोलक्या आहेत.

यावर कोणी म्हणेल की, मराठीत कलाविषयक लेखनाची उणीवच आहे. तसे नाही. म. वि. धुरंधर यांचे ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ १९४० साली प्रसिद्ध झाले. द. ग. गोडसे यांच्या ‘पोत’ने १९६३ साली वस्त्र, शिल्प आणि चित्र यांच्याकडे पाहण्याची देशी दृष्टी दिली. मर्ढेकरांनी सुरू केलेली सौंदर्यशास्त्रीय चर्चा रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसे’त १९७४ साली भारदस्त रूपाला पोहोचली. प्रभाकर बरवे यांनी ‘कोरा कॅनव्हास’मध्ये १९९० साली चित्र घडत असतानाचा विचार साध्या, पारदर्शक मराठीत मांडला. उणीव आहे ती निराळ्या ठिकाणी. सौंदर्य म्हणजे काय, यावर मराठीत पाचशे पृष्ठांचा ग्रंथ सापडतो. समोर टांगलेल्या चित्राविषयी दोन ओळींची मराठी चिठ्ठी दुर्मिळ असते. शास्त्र समृद्ध झाले, पण पाहण्याची बोली तयार झाली नाही.

ती तयार होऊ शकते याचे एक प्रमाण आहे. २००८ च्या सुमारास सुधीर पटवर्धन यांच्या संयोजनाखाली समकालीन भारतीय चित्रांचे ‘विस्तारणारी क्षितिजे’ हे फिरते प्रदर्शन महाराष्ट्रातील वेगवेगळ्या शहरांत नेण्यात आले. मूळ चित्रे मुंबई-दिल्लीबाहेर सहसा पाहावयास मिळत नाहीत. ती चित्रांनीच प्रवास करून प्रेक्षकांपर्यंत नेली. प्रेक्षकाने दालनाकडे यावे या प्रघाताऐवजी दालनाने प्रेक्षकाकडे जावे, ही कल्पना पिंगुळीच्या चित्रकथ्याला अपरिचित वाटली नसती. प्रदर्शनाचे नावच मराठीत असणे हाही त्यातील एक विचार होता.

यावरून काही निष्कर्ष काढता येतील. कलादालनाचे सार्वजनिक कार्यक्रम म्हणजे प्रदर्शनाला जोडलेले उपचार नव्हेत. व्याख्यान, चित्रकाराशी संवाद, दालनातून फिरत दिलेली माहिती, शाळेतील मुलांसाठीची सत्रे, ही लक्ष्मणाच्या भूमिकेची आधुनिक रूपे आहेत. चित्राचा एकच अर्थ सांगून मोकळे होणे हे त्यांचे काम नव्हे. प्रेक्षकाला स्वतःचा प्रश्न स्वतःच्या भाषेत विचारता येईल एवढा धीर देणे हे आहे. विनामूल्य प्रवेशाने दार उघडते, उंबरठा नाहीसा होत नाही. तो भाषेचा असतो.

साहित्याच्या अभ्यासकांकडेही या संदर्भात काही काम येते. प्रदर्शनांच्या पुस्तिका, निमंत्रणपत्रिका, चिठ्ठ्या आणि विशेषतः अभिप्रायवह्या यांना आपण वाङ्मय मानीत नाही. परंतु अभिप्रायवहीत एखादा प्रेक्षक ‘चित्र समजले नाही, पण पुन्हा येईन’ असे लिहीत असेल, तर ते वाक्य रसचर्चेच्या इतिहासात नोंदले जाण्यास पात्र आहे. निरनिराळ्या भारतीय भाषांतील अशा नोंदी एकत्र करून पाहिल्यास, आधुनिक चित्रकला कोणत्या भाषेत कशी पाहिली गेली, कोणत्या भाषेने तिला कोणते शब्द दिले आणि कोठे ती निरुत्तर झाली, याचा तौलनिक अभ्यास शक्य होईल. या वह्या कागदाच्या आहेत आणि त्या जपणे ही कोणाचीच ठरलेली जबाबदारी नाही. विलंब झाल्यास भिंतींवरची चित्रे संग्रहांत टिकतील, त्यांच्यापुढे उभ्या राहिलेल्या माणसांचे बोलणे मात्र टिकणार नाही. भवभूतीने सीतेचे बोलणे राखून ठेविले, म्हणूनच त्या वीथीतील न पाहिलेली चित्रे आपल्याला आजही दिसतात.