दाढ काढल्यावर गालाला बर्फ की गरम शेक?

अक्कलदाढ काढून लेक घरी येते तेव्हा तिच्या तोंडात कापसाचा बोळा असतो, ओठ बधिर असतो आणि गाल हळूहळू वर येऊ लागलेला असतो. ते पाहून घरातली आजी तव्यावर फडके गरम करायला घेते, नाहीतर आंबेहळदीचा ऊन लेप उगाळते. तिची माया खरी, पण पहिल्या दिवशीचा गरम शेक सूज वाढवतो, कधी थांबलेले रक्तही पुन्हा सुरू करतो. तिला एवढेच सांगावे, "आजी, आज आणि उद्या थंड. गरम त्यानंतर."

दाढ काढताना हिरडी कापावी लागते, कधी हाडही थोडे घासावे लागते. जखमेभोवतीच्या बारीक रक्तवाहिन्या मग रुंदावतात, त्यांतून पाणी झिरपते आणि गाल फुगतो. थंडाव्याने त्या वाहिन्या आकसतात, झिरपणे कमी होते आणि दुखणेही थोडे बधिर होते. उष्णतेने नेमके उलटे होते. म्हणून पहिले २४ ते ४८ तास थंड, त्यानंतर जबडा आखडला असेल तर कोमट शेक.

बर्फ थेट कातडीवर कधीही ठेवू नका. फ्रीजरमधून नुकताच काढलेला बर्फ शून्याच्याही बराच खाली गार असतो, आणि इंजेक्शनमुळे गाल बधिर असल्याने कातडी पोळली तरी कळत नाही. प्लास्टिकच्या पिशवीत बर्फ आणि थोडे पाणी घाला. वितळता बर्फ शून्य अंशावरच राहतो आणि पिशवी गालाच्या आकाराला बसते. ती सुती रुमालात गुंडाळून गालाच्या बाहेरून १५ मिनिटे हलकेच धरा, दाबू नका. मग निदान तेवढाच वेळ विश्रांती. जागे असेपर्यंत असे करत राहा, त्यासाठी झोपमोड नको. कातडी पांढरी पडली किंवा फार झोंबू लागले तर लगेच थांबा.

घरात फ्रिज नसेल तरी अडत नाही. किराणा दुकानाच्या फ्रीजरमधली गोठलेली पाण्याची पिशवी चालते. मासेवाल्याकडचा बर्फही बाहेरून लावायला चालतो, तोंडात मात्र घालू नये. काहीच मिळाले नाही तर माठातल्या पाण्यात रुमाल पिळून गालावर ठेवा आणि वरचेवर बदला. गुण कमी येईल, पण येईल.

बर्फ लावूनही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज जास्त दिसते. ती चढतेच तशी, आणि त्यानंतर उतरू लागते. बर्फाचा उपयोग आहे, पण तो मर्यादित आहे. डॉक्टरांनी दिलेली दुखण्याची गोळी त्यामुळे टाळू नका. त्यांना विचारून ती बधिरपणा जाण्याआधीच घेतली तर रात्र सोपी जाते. झोपताना दोन उशा घ्या.

मिश्री, तंबाखू, गुटखा बंद. "एका चिमटीने काय होते?" असे म्हणणाऱ्या मावशी प्रत्येक गल्लीत आहेत. दाढेच्या खड्ड्यात जमलेली रक्ताची गाठ हेच त्या जखमेचे झाकण असते. तंबाखूने आणि जोरात थुंकण्याने ते निघाले की हाड उघडे पडते, आणि ते दुखणे मूळ दाढदुखीपेक्षाही वाईट. पहिला दिवस चूळही भरू नका. दुसऱ्या दिवसापासून मिठाच्या कोमट पाण्याने हळू गुळण्या करा.

तोंडाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत मांडीचे किंवा हाताचे मांस-कातडे काढून गालाला जोडले असेल, तर तिथे आपल्या मनाने बर्फ लावू नका. त्या जोडलेल्या भागाला रक्त पोचणे हाच त्याचा जीव असतो आणि थंडाव्याने ते अडू शकते. ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांनाच विचारा. लहान मुलाच्या फाटलेल्या ओठाच्या ऑपरेशनलाही हाच नियम.

तिसऱ्या दिवसानंतर सूज वाढत गेली, ताप आला, पू दिसला, किंवा कापूस घट्ट चावून धरूनही रक्त थांबत नसेल तर दवाखाना गाठा. जिभेखाली किंवा गळ्याला सूज आली, गिळता येईना, श्वास अडू लागला, किंवा गालाच्या हाडाच्या ऑपरेशननंतर एका डोळ्याने कमी दिसू लागले, तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करून मोठ्या रुग्णालयात न्या.