क्षरण : एका शब्दाची ओळख

पावसाळ्यांत खारघरच्या डोंगरावरून येणारे ओढे तांबूस दिसतात. तो रंग डोंगराच्या मातीचा. माती अशी झिजून वाहून जाण्यास शास्त्रांत ‘क्षरण’ म्हणतात.

संस्कृत ‘क्षर्’ धातूचा अर्थ वाहणें, पाझरणें, नाश पावणें. त्याच धातूपासून ‘अक्षर’, म्हणजे जें नाश पावत नाहीं तें. (पाटीवरचीं आपलीं अक्षरें मात्र ओल्या बोटानें पुसतात!) इंग्रजी ‘इरोझन’ शब्द लॅटिन ‘रोडेरे’, म्हणजे कुरतडणें, ह्यावरून आला, उंदीर-खारींस ‘रोडेन्ट’ म्हणतात तेंही त्याच मुळावरून.

‘विदारण’ निराळें. ऊन-पावसानें खडक जागच्या जागीं फुटतो तें विदारण. सुटलेली माती पाणी वा वारा वाहून नेतो तें क्षरण. शेतकरी ह्यासच ‘धूप’ म्हणतो. जमिनीची ती धूप, देवापुढील तो धूप; लिंगावरून अर्थ ओळखावा.

शरीराची झीज अन्नानें भरून येते. उतारावरची माती एकदां पनवेलच्या खाडींत गेली कीं तेवढी पुन्हां तयार होण्यास शेंकडों वर्षें लागतात. गवताचीं व झाडांचीं मुळें तिला धरून ठेवतात. वणव्यानें उघड्या पडलेल्या उताराखालील ओढा आणि झाडीखालील ओढा, दोन्ही मृगाच्या सरींनंतर वडिलांसमवेत पुलावरून पाहावे. पाण्यांत मात्र उतरूं नये.