तलावाच्या पाळीवरील प्रदर्शन : एक अभ्यास

प्रदर्शन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर शहरातले वस्तुसंग्रहालय उभे राहते. काचेची कपाटे, त्यांत मांडलेल्या जुन्या वस्तू, खाली बारीक अक्षरांतील माहिती आणि शेजारी ‘हात लावू नये’ ही पाटी. ज्यांच्या जीवनातून त्या वस्तू आल्या, ते लोक मात्र बहुधा त्या दालनात कधी पाऊल टाकत नाहीत. गेल्या वर्षी समाजशास्त्राच्या आम्हा नऊ विद्यार्थ्यांना आमच्या गावतलावाच्या पाळीवर एक प्रदर्शन भरविण्याची संधी मिळाली. त्यात आमच्या हातून एक चूक घडली. त्या चुकीनेच आम्हाला सर्वांत अधिक शिकविले, म्हणून ती मुळीच न लपविता येथे मांडीत आहे.

तलावांचा मुलूख

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे तलावांचे म्हणून ओळखले जातात. येथील जुने तलाव निसर्गनिर्मित नाहीत, ते माणसांनी बांधलेले आहेत. गोंड राजांच्या काळात जंगल तोडून जमीन वहितीखाली आणणाऱ्यांना व तलाव बांधणाऱ्यांना जमिनीचे हक्क मिळत. या कामात कोहळी समाज अग्रेसर होता. नवेगावबांधचा प्रचंड तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे परंपरा सांगते. तेथील ‘सात बहिणी’ या डोंगरांचे साह्य त्यांना झाले अशी लोकांची श्रद्धा आहे, आणि स्वतः कोलू पाटील कोलासूर या नावाने देवपदाला पोचले आहेत.

तलावाची रचना साधी पण विचारपूर्वक केलेली असते. उताराच्या तोंडाशी मातीची पाळ घालायची. झाडीपट्टीच्या बोलीत ‘ळ’चा ‘र’ होतो, म्हणून आमच्याकडे पाळीला ‘पार’ आणि तळ्याला ‘तरा’ म्हणतात. शेताला पाणी सोडण्यासाठी पाळीत तुडुम असते आणि जादा पाणी वाहून जाण्यासाठी एका कडेला सलंग असते. वरच्या तलावाच्या सलंगीतून निघालेले पाणी पुष्कळदा खालच्या तलावाचा येवा होते. अशा रीतीने एकाच पावसावर अनेक गावांचे धान पिकते.

हे तलाव मालगुजारांच्या ताब्यात होते. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली आणि तलाव सरकारजमा झाले. पुढे मोठे तलाव पाटबंधारे खात्याकडे व लहान तलाव जिल्हा परिषदेकडे गेले. मासेमारी सहकारी संस्थांच्या ठेक्यावर होऊ लागली. मालकी बदलली, परंतु तलावाची रोजची काळजी कोणी घ्यायची हा प्रश्न मात्र बराचसा अनुत्तरित राहिला.

तयारी

मी स्वतः कोहळी घरातली आहे. लहानपणापासून घरात तलावाच्या बांधणीच्या गोष्टी ऐकत आले. साहजिकच ‘तलावाचा इतिहास’ या फलकाचे लेखन माझ्याकडे आले आणि मी ते मोठ्या अभिमानाने केले.

प्रदर्शनासाठी आम्ही मंडईचा दिवस निवडला. दिवाळीनंतर झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. पाहुणेरावळे येतात, दुकाने लागतात, रात्री दंडार किंवा नाटक होते. तलाव तुडुंब भरलेला, शिंगाडा निघू लागलेला आणि हलके धान कापणीला आलेले, असा तो काळ. महाविद्यालयाच्या सभागृहात प्रदर्शन भरले असते तर चार प्राध्यापक आणि चाळीस विद्यार्थी आले असते. पाळीवर सारा गाव येणार होता.

तयारीच्या काळात आमच्या सरांनी वर्गात जपानमधील एका संग्रहालयाची माहिती सांगितली. शिगा प्रांतात बिवा नावाचे सरोवर आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ६७० चौरस किलोमीटर असून ते जगातील अतिप्राचीन सरोवरांपैकी एक आहे. १९७७ साली त्याच्या पाण्यावर तांबडी साय पसरली. सांडपाण्यातून, विशेषतः कपडे धुण्याच्या कृत्रिम भुकटीतील फॉस्फेटमधून, पाण्याला नको तेवढे खत मिळाल्याचा तो परिणाम होता. तेव्हा गृहिणींनी पुढाकार घेऊन ती भुकटी सोडली व साध्या साबणाची चळवळ उभी केली. १९७९ मध्ये प्रांताने त्यासाठी नियमही केला. १९९६ साली या सरोवराच्या काठावरच बिवा सरोवर संग्रहालय उघडले. त्यात मासे आहेत, जीवाश्म आहेत आणि सरोवरातून माल वाहणारी जुन्या घडणीची लाकडी नौकाही आहे. परंतु आम्हाला सर्वांत नवल वाटले ते तेथे आणून उभारलेल्या एका शेतकऱ्याच्या घराचे. ते १९६४ सालच्या मे महिन्यात जसे असेल तसे मांडले आहे. ओढ्याचे पाणी स्वयंपाकाला कसे येई, उष्टे-खरकटे कोठे जाई, मासा ताटात कसा येई, हे सारे तेथे दिसते. राजाचा मुकुट नव्हे, तर साध्या घरातले पाणी हाच तेथे पाहण्याचा विषय आहे.

हे ऐकून आम्हालाही हुरूप आला. आम्ही ओल्या मातीचा तलाव बनविला. त्याला पाळ, तुडुम, सलंग आणि खाली धानाचे बांध केले. वर लोटाभर पाणी ओतले की ते सलंगीतून खालच्या तलावात उतरे. माझ्या एका ढिवर मैत्रिणीने घरून फेकजाळे, बांबूच्या कामट्यांचा सापळा आणि हातजाळी आणून दिली. पावसाळ्यात घेतलेली माशांची, कमळांची व पक्ष्यांची छायाचित्रे आम्ही दोरीवर टांगली. एका बाजूला जात्यावरच्या ओव्या व दंडारीच्या साहित्याची मांडणी केली.

मंडईचा दिवस

सकाळपासून गर्दी झाली. मातीच्या तलावाभोवती मुलांची झुंबड उडाली होती आणि पाणी आणता आणता आमचे दोन मित्र थकून गेले. दुपारी माझ्या मैत्रिणीची आजी आली. तिला वाचता येत नाही. तिने नातीकडून एकेक पाटी वाचून घेतली.

एका छायाचित्रात पाण्याच्या पृष्ठभागाशी लालसर पिलांचा घोळका दिसत होता. त्याखाली आम्ही ‘लहान लाल मासे’ असे लिहिले होते. आजी हसली. ती मरळीची पिले होती. घोळक्याच्या खाली आईबाप राखण करीत असतात आणि पिले मोठी झाली की त्यांचा रंग बदलतो, हे तिने सांगितले. अशा घोळक्यावर जाळे टाकणारा पुढल्या वर्षीचे आपलेच जेवण बुडवितो, असेही ती म्हणाली. आमच्या पुस्तकी पाटीत नसलेले सारे त्या दोन-तीन वाक्यांत आले होते.

मग ती माझ्या फलकापाशी थांबली. नात वाचीत होती आणि मी शेजारी कौतुकाच्या अपेक्षेने उभी होते. वाचून झाल्यावर आजी म्हणाली, “पोरी, तरा कोनी बांधला ते लिवलं. पन राखला कोनं, ते नाई लिवलं.”

मी निरुत्तर झाले. फलकावर राजा होता, पाटील होता, मालगुजार होता, १९५० चा कायदा होता. ढिवरांचे नाव एकदाही नव्हते. त्यांची जाळी आम्ही मांडली होती, पण पाटीवर फक्त ‘मासेमारीची साधने’ एवढेच लिहिले होते. पाळीसाठी माती खणणाऱ्या व डोक्यावरून वाहणाऱ्या हातांचाही कोठे उल्लेख नव्हता. मैत्रीण त्या दिवशी माझ्याशी फारसे बोलली नाही. पाटी टांगताना तिने ती वाचली होती, हे मला नंतर कळले. “तू विचारलंच नाहीस,” एवढेच ती म्हणाली. यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते, आजही नाही.

दुसरी मांडणी

त्यानंतर आम्ही तीन महिने ढिवर मोहल्ल्यात जात राहिलो. या वेळी वही कोरी घेऊन गेलो. आजीने आणि इतर स्त्रियांनी जे सांगितले त्यातून तलावाचा एक निराळाच इतिहास पुढे आला.

पूर्वी तलावात पाणवनस्पती दाट होत्या. त्यांच्या आधाराने मरळ, मागूर, वाम आणि झिंगे वाढत. उत्पादन वाढावे म्हणून रोहू, कतला, मृगळ यांचे बीज सोडले जाऊ लागले. त्याचा पैसा बाजारात मिळे, पण बीज दर वर्षी विकत आणावे लागे. काठावर बेशरमाची झुडपे माजली, गाळ साचला, पाणवनस्पती विरळ झाल्या आणि त्यांबरोबर देशी मासेही. काठाकाठाने हातजाळीत लहान मासे व झिंगे धरून घरच्या जेवणाची सोय करणाऱ्या स्त्रियांच्या वाट्याचे पाणी जणू ओस पडले. माझ्या मैत्रिणीचे वडील वर्षातले सहा महिने बाहेरगावी मजुरीला जातात. ‘तलावातील जैवविविधतेचा ऱ्हास’ हे शब्द मी परीक्षेत लिहिले होते, परंतु त्याचा अर्थ एका घरातला माणूस घरी नसणे असाही होतो, हे मला तेव्हा उमगले.

या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. अर्जुनी-मोरगाव भागात गेल्या दीड-दोन दशकांत काही ढिवर संस्थांनी बेशरम उपटून, उन्हाळ्यात उघडी पडलेली तलावाची जमीन नांगरून तेथे देशी पाणवनस्पती लावल्या आहेत. त्यात स्त्रियांचा वाटा मोठा आहे. कोणती वनस्पती कोणत्या खोलीवर रुजते आणि कोणता मासा तिच्या आसऱ्याला येतो, ही माहिती त्यांना वडीलधाऱ्यांकडून मिळाली होती. नवेगावबांधला वनाधिकारी म्हणून राहिलेले कै. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी प्राणी, पक्षी व मासे यांचे कोश सिद्ध केले. ज्या लोकांपाशी नावे असतात त्यांच्यापाशीच ज्ञान असते, ही जाणीव आपल्या भागाला नवी नाही. आम्हीच ती विसरलो होतो.

फेब्रुवारीत आम्ही त्याच पाळीवर प्रदर्शन पुन्हा भरविले. इतिहासाचा फलक मी नव्याने लिहिला. कोहळ्यांचे कर्तृत्व त्यातून पुसले नाही, ते खरेच आहे. पण त्याच आकाराच्या अक्षरांत ढिवरांचे व माती वाहणाऱ्या मजुरांचेही काम लिहिले. माशांच्या पाट्या आजीने सांगितल्या आणि नातीने लिहिल्या. गाववाल्यांची नावे वर आणि पुस्तकातली नावे खाली. जाळ्यांजवळ पाटीऐवजी माणसेच बसली आणि त्यांनी जाळे विणून दाखविले.

निष्कर्ष

या अनुभवातून मला तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली, लोकजीवनाचे प्रदर्शन शक्यतो त्या जीवनाच्या ठिकाणीच भरवावे, कारण तेथे चूक दाखविणारे लोक असतात. आमचे प्रदर्शन सभागृहात झाले असते तर माझ्या फलकाला कदाचित बक्षीस मिळाले असते. दुसरी, वस्तू मांडणे म्हणजे माणसे मांडणे नव्हे. जाळे टांगून जाळे टाकणाऱ्याला वगळणे सहज शक्य असते आणि ते आपल्या लक्षातही येत नाही. तिसरी, आपल्या पूर्वजांविषयीचा अभिमान हा अभ्यासाचा प्रारंभ असू शकतो, शेवट नव्हे.

प्रदर्शनाच्या पाट्या कोठे ठेवायच्या असा प्रश्न शेवटी निघाला. महाविद्यालयाच्या अभ्यासिकेत जागा होती. परंतु आम्ही त्या गावच्या मच्छीमार संस्थेच्या खोलीत ठेवल्या. परवा गेले तेव्हा मरळीच्या पिलांच्या पाटीवर कोणीतरी पेन्सिलीने आणखी दोन ओळी लिहिल्या होत्या. अक्षर ओळखीचे नव्हते, माहिती मात्र आम्हाला नवीन होती.